व्यसन तर नसेलच

महिन्याच्या ९ तारखेला इंदूरच्या सरकारी प्रसूती दवाखान्यांत बसायला बाक मिळणं कठीण. त्या दिवशी गर्भवतींची तपासणी डॉक्टरांकडून आणि फुकट होते, त्यामुळे बायका सकाळीच येऊन रांग धरतात. बाहेर पोह्यांच्या गाडीवर जिरावण मसाल्याचा वास, आत फिनेलचा, आणि उंबऱ्यापाशी पावसाने भिजलेल्या चपलांचा ढीग. सप्टेंबरातल्या अशाच एका ९ तारखेला नोंदणीच्या टेबलापुढे एक सासू-सून उभ्या होत्या. सिस्टरनी हिंदीत आडनाव विचारलं, ते ऐकलं, आणि बोलणं तिथल्या तिथे मराठीत वळलं. कुठल्या? रामबागेतल्या का? मग अमके तुमचे कोण? ओळख निघाली. वजन झालं, शेवटच्या पाळीची तारीख झाली, आधीचं मूल, खाणंपिणं, झोप झाली. "आणि व्यसन तर नसेलच," असं म्हणत सिस्टरनी त्या रकान्यात आडवी रेघ मारली. "छे हो ताई, आमच्याकडे चहासुद्धा दोन वेळचाच," सासूबाई हसून म्हणाल्या. सुनेनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. तिला कदाचित चहाबद्दलच बोलायचं असेल. पुढची बाई टेबलाशी आली आणि रांग सरकली.

सिस्टर वाईट नव्हत्या. उलट त्या दिवशी एवढ्या गर्दीत हसून बोलणाऱ्या त्या एकट्याच असाव्यात. पण त्या रेघेनं पाठ सोडली नाही. ओळख निघाल्यामुळेच प्रश्न विचारला गेला नाही, हे त्यातलं खरं दुखणं. अनोळखी बाईला, साइटवर विटा वाहणाऱ्या अलीराजपूरच्या मजुरणीला तोच प्रश्न करड्या आवाजात विचारला जातो, "दारू पीती है क्या?", आणि त्या आवाजाला मिळायचं तेच उत्तर मिळतं. एकीकडे विचारायची लाज, दुसरीकडे सांगायची भीती. कागदावर दोन्ही ठिकाणी सारखीच आडवी रेघ.

त्यात तो दिवसही नेमका तोच होता.

९ सप्टेंबर. नवव्या महिन्याची नववी तारीख. गर्भावस्थेत घेतलेल्या दारूमुळे मुलांमध्ये आयुष्यभर राहणारे जे दोष येतात (फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर), त्यांच्याविषयी जगभर बोलायचा दिवस. १९९९ साली तो पहिल्यांदा पाळला गेला, सकाळी ९ वाजून ९ मिनिटांनी, आणि नऊचा आकडा निवडला तो नऊ महिन्यांसाठी. आपल्याकडे २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याची ९ तारीख गर्भवतींसाठी राखून ठेवली, तीही नऊ महिन्यांवरूनच. म्हणजे वर्षातून एकदा हे दोन्ही दिवस एकमेकांवर येतात. कधी गणपतीत, कधी पितृपक्षात. देशभर त्या एका सकाळी एवढ्या गर्भवती रांगेत आयत्या उभ्या असतात, त्यांच्या हातात कार्ड असतं, समोर पेन घेतलेलं माणूस असतं, आणि त्या योगायोगाचा कुणी काडीचाही उपयोग करून घेत नाही.

"आपल्यात कोण पितं?" हे वाक्य मराठी घरांत फार निष्पापपणे बोललं जातं. ते बोलणाऱ्या घराच्या फडताळात, कापूर आणि बामाच्या शेजारी, ब्रँडीची चपटी बाटली बहुतेक असतेच. सर्दी छातीत उतरली की गरम पाण्यात चमचाभर ब्रँडी. तिला दारू म्हणत नाहीत, ते औषध. गर्भारशीला थंडी वाजली तरी तोच चमचा आणि बाळाची छाती भरली तरी चोळायला तीच बाटली. ब्रँडीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, व्हिस्की-रमइतकंच. ५ मिलीच्या चमच्यातून पावणेदोन ग्रॅम पोटात जातं. एका चमच्यानं गर्भाचं काही बिघडल्याचा पुरावा नाही, हेही लगेच सांगायला हवं, नाहीतर घाबरून जाणाऱ्या बायका कमी नाहीत. पण तिच्यानं सर्दीही जात नाही. अंग गरम वाटतं ते कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात म्हणून, आणि आतली ऊब उलट बाहेर निघून जाते. तान्ह्याच्या अंगाला तर ती लावूच नये. त्याची कातडी पातळ, अल्कोहोल त्यातून आत शिरतं आणि रक्तातली साखर उतरू शकते.

ब्रँडीशेजारची दुसरी बाटली दशमूलारिष्टाची. बाळंतिणीची म्हणून प्रसिद्ध. आसव-अरिष्टं मुळात आंबवूनच होतात, त्यांत अल्कोहोल बाहेरून घालत नाहीत, ते आपोआप तयार होतं. बाटलीच्या पाठीवर बारीक अक्षरात टक्केवारी छापलेली असते, बहुधा ५ ते १० च्या दरम्यान. २० मिलीच्या एका मात्रेत जास्तीत जास्त दीड-पावणेदोन ग्रॅम, म्हणजे ब्रँडीच्या त्या चमच्याएवढंच. बाळंतपणानंतर वैद्यांनी मोजून दिलं तर ते वेगळं. पण "बाळंतिणीला चालतं, मग गर्भारशीला का नाही" म्हणत आधीच सुरू करणारी घरंही आहेत, आणि त्यांनी बाटलीची पाठ वाचावी. खोकल्याची काही औषधं आणि होमिओपॅथीचे मदर टिंक्चर यांनाही हेच लागू. इडलीचं पीठ, दही, लोणच्यातलं व्हिनेगर, केकमधला इसेन्स यांच्यावरून मात्र डोकं शिणवू नये.

खरा धोका या चमच्यांत नाहीच. तो पेल्यात आहे, आणि पेला आपल्यात नाही असं धरून चालण्यात आहे.

मापाचा घोळ आधी सोडवू. ३० मिलीचा लहान पेग, ४२.८ टक्क्यांचा, म्हणजे जवळपास १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. वाइनचा १५० मिलीचा ग्लास १२ टक्क्यांचा असेल तर १४ ग्रॅम. आणि जिला सगळे "नुसती बिअर" म्हणतात तिची ६५० मिलीची बाटली, ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल, तर ४१ ग्रॅम. चार लहान पेग. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकालात काढतं, तेव्हा त्या एका बाटलीला चार ते सहा तास लागतात. लिंबूपाणी, काळी कॉफी, उलटी, थंड पाण्यानं आंघोळ, यांतल्या कशानंही तो वेळ कमी होत नाही. महुआ आणि ताडीचं माप तर आणखी अवघड. भट्टीची पहिली धार आणि शेवटची धार यांत जमीनअस्मानाचा फरक, दोन्ही एकाच कॅनमध्ये. ताडी झाडावरून उतरली की मडक्यातच आंबायला लागते, सकाळची गोडसर ताडी दुपारपर्यंत बिअरएवढी चढते. भगोरियात, म्हणजे आदिवासींच्या होळीआधीच्या जत्रेत, ती एकाच भांड्यातून फिरते. "किती घेतली?" या प्रश्नाला तिथे प्रामाणिक उत्तरही आकड्यात देता येत नाही. "कधी, कुणाबरोबर, आणि नंतर चालता येत होतं का" असं विचारलं तर अंदाज येतो.

आता आत काय होतं ते. अल्कोहोलचा रेणू फार लहान, पाण्यात विरघळतो आणि चरबीच्या पडद्यांतूनही सहज निसटतो. वार (प्लासेंटा) त्याला अडवत नाही. आईच्या रक्तात जेवढं चढतं, जवळपास तेवढंच थोड्या वेळात गर्भाच्या रक्तात. त्याचं यकृत ते मोडण्याइतकं तयार नसतं, त्यामुळे बरंचसं आईच्याच रक्तात परत येऊन तिच्या यकृतातून मोडावं लागतं. मधल्या वेळात ते गर्भजलात उतरतं, आणि गर्भ ते पाणी गिळतो. म्हणजे आईची उतरली तरी आतल्या पिशवीत ती रेंगाळते. आणि तिथे ती नशा करत नाही, काम बिघडवते. मेंदूच्या पेशी जन्मतात एका ठिकाणी आणि राहायला जातात दुसऱ्या ठिकाणी. हे स्थलांतर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेनं व्हावं लागतं. अल्कोहोलनं काही पेशी वाटेत अडकतात, काही चुकीच्या थरात बसतात, काही मरतात. मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पूल बारीक राहू शकतो. तोल सांभाळणारा लहान मेंदू, आठवण बसवणारा भाग, पुढचा विचार करायला लावणारा कपाळामागचा भाग, यांच्यावर परिणाम होतो. हृदयाचे पडदे आणि मूत्रपिंडंही सुटत नाहीत.

दिवसांचा हिशेब इथे सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो कुणी नीट सांगत नाही. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीपासून. गर्भ राहतो साधारण दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी. पाळी चुकते चौथ्याच्या शेवटी. चेहऱ्याची मूळ आखणी होते ती पाचव्या आठवड्यात, म्हणजे जेव्हा बाई अजून "प्रवासानं लांबली असेल" असं म्हणत असते. पाळी नेहमीच पुढेमागे होणारी असेल तर सहा-सात आठवडे पत्ता लागत नाही. नाक आणि वरचा ओठ यांच्यामधली उभी पन्हळ सपाट, वरचा ओठ पातळ, डोळ्यांच्या फटी आखूड, या चेहऱ्याच्या तीन ठळक खुणा मुख्यतः त्या सुरुवातीच्या दिवसांच्या. पुढे घेतलेली दारू चेहऱ्यावर बहुधा दिसत नाही. मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो आणि शेवटच्या तीन महिन्यांत झपाट्यानं वाढतो. म्हणूनच "पहिले तीन महिने सांभाळलं, आता एखादा ग्लास चालेल" हा हिशेब उलटा आहे: चेहरा सुबक, बाकी सगळं आत. आणि बहुसंख्य मुलं अशीच असतात, चेहऱ्यावर काही न दिसणारी.

वैद्यकाला हे कळायलाही फार उशीर झाला. १९६८ साली फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लेमोआन या बालरोगतज्ज्ञानं दारू पिणाऱ्या आईबापांच्या १२७ मुलांचं निरीक्षण छापलं. ते फ्रेंचमध्ये, तिथल्याच एका वैद्यकीय पत्रिकेत, आणि बाहेर कुणी फारसं वाचलं नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सिअॅटलचे केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी तेच चित्र 'लॅन्सेट'मध्ये मांडलं, त्याला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' असं नाव दिलं, तेव्हा जग जागं झालं. यातली गंमत, गंमत म्हणायची तर, अशी की त्याच काळात अकाली कळा थांबवण्यासाठी डॉक्टर स्वतःच गर्भवतींना शिरेतून अल्कोहोल देत होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षं ती मान्य पद्धत होती. तेव्हा आज "डॉक्टरांना कळत नाही का" म्हणणाऱ्या सासूबाईंना सरसकट हसता येत नाही.

आपल्याकडे कुणीतरी लगेच चरकाचं नाव काढतं. काढायला हरकत नाही, कारण शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात खरंच लिहिलं आहे: मद्यनित्या, म्हणजे नित्य मद्य घेणारी गर्भिणी, हिला होणारं मूल तहानलेलं, अल्पस्मृती आणि अनवस्थितचित्त. आठवण कमी, चित्त जागेवर नाही. आजच्या कुठल्याही तज्ज्ञाला शाळेतल्या या मुलांचं वर्णन दोन शब्दांत करायला सांगितलं तर तो यापेक्षा वेगळं काय सांगणार? पण त्याच यादीत नित्य गोड खाणारीला मुकं किंवा अतिलठ्ठ मूल होतं, आंबट खाणारीला कातडीचे नि डोळ्यांचे रोग असलेलं होतं, असंही आहे. मग डोहाळेजेवणाच्या ताटाचं काय करायचं? जुनं निरीक्षण पटतं तिथे आदरानं घ्यावं. त्यावरून सगळंच आधी ठाऊक होतं म्हणून मिरवू नये. आणि मिरवायचंच असेल तर इतक्या जुन्या काळी असं लिहिलं गेलं, याचा अर्थ गर्भिणी तेव्हाही पीत होत्या आणि कुणीतरी ते न लाजता पाहिलं होतं, हेही मान्य करावं.

किती चालेल, हा पुढचा प्रश्न हटकून येतो. उत्तर असं, की सुरक्षित म्हणता येईल अशी मात्रा कुणालाही ठरवता आलेली नाही. एकदम खूप घेणं सगळ्यात घातक, रोज घेणं त्याखालोखाल, आणि अगदी थोडीबद्दल अभ्यास एकमताचे नाहीत. त्याच मात्रेत एकीचं मूल ठणठणीत निघतं आणि दुसरीचं नाही. आईचं वजन, पोषण, तिची विकरं, गर्भाची जनुकं, सगळं त्यात येतं. ब्रिटनमध्ये २०१६ पर्यंत आठवड्यातून एक-दोनदा थोडी घ्यायला ढील होती, ती त्या वर्षी काढून टाकली आणि "अजिबात नको" असा सल्ला आला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार गर्भावस्थेत दारू घेणाऱ्या दर १३ स्त्रियांमागे एकीच्या मुलात या गटातला काही ना काही दोष असतो. उलटं वाचलं तर १२ जणींच्या मुलांत नसतो. माझ्या मते हे दोन्ही सांगितलं पाहिजे. नुसतं पहिलं सांगितलं की घाबरून लपवणं सुरू होतं, नुसतं दुसरं सांगितलं की "आमच्या शेजारणीला काही झालं नाही" हे सुरू होतं.

आकड्यांत भारत सुरक्षित दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या स्त्रियांत पिणाऱ्या साधारण १ टक्का, पुरुषांत १९ टक्के. पण अरुणाचलात हाच स्त्रियांचा आकडा २४ टक्क्यांच्या आसपास जातो, तेव्हा सरासरीवर विसंबून रांगेतल्या एकीलाही सूट देता येत नाही. इंदुरात दोन जगं शेजारीशेजारी आहेत. विजयनगरकडच्या पबांत शनिवारी रात्री आयटीतल्या मुली असतात, त्यांतल्या कित्येक रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगरच्या मराठी घरांतल्या. लग्न ठरलं तरी ते थांबतंच असं नाही, आणि थांबावं की नाही हा त्यांचा प्रश्न. आणि सुपर कॉरिडॉर या रस्त्याच्या कडेला साइटवर झाबुआ-अलीराजपूरच्या जोडप्यांच्या झोपड्या, जिथे महुआ पाहुण्याला, देवाला आणि थकलेल्या अंगाला एकाच हातानं दिली जाते. आदिवासींना घरापुरती गाळायला कायद्याची मुभा आहे. तिथे "दारू वाईट" असा फलक लावला की ऐकणारा आधी दुखावतो, मग पाठ फिरवतो. दक्षिण आफ्रिकेत केपच्या द्राक्षमळ्यांत मजुरांना मजुरीचा भाग म्हणून वाइन द्यायची चाल पिढ्यान् पिढ्या होती. जगातले या दोषांचे सगळ्यात मोठे आकडे आज त्याच भागातले आहेत. तिथल्या आयांना दोष देऊन काय साधणार होतं?

बाटलीवर तरी लिहिलेलं असतं का? आपल्याकडे २०१९ पासून प्रत्येक बाटलीवर सक्तीचा इशारा आहे: मद्यसेवन आरोग्यास हानिकारक, सुरक्षित राहा, पिऊन गाडी चालवू नका. गाडी आहे, गर्भ नाही. अमेरिकेत १९८९ पासून गर्भवतींचा उल्लेख छापावाच लागतो. फ्रान्समध्ये गर्भवतीचं चिन्ह असतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये २०२३ पासून ठरावीक रंगातलं चिन्ह आणि मजकूर सक्तीचा आहे. नुसत्या लेबलानं कुणी पेला खाली ठेवेल असा भाबडा विश्वास नको. पण लेबलामुळे नवऱ्याला, मैत्रिणीला, बारमधल्या वेटरला एक बोट दाखवायला मिळतं, आणि पुष्कळदा तेवढं पुरतं.

मग विचारायचं कसं? आधी एकटीला. सासू, नवरा, आई, कुणीही सोबत नको. "वजन करायला आत या" म्हणून आत घ्यावं आणि दार लोटावं. मग सगळ्यांनाच विचारतो असं सांगावं आणि मागून सुरुवात करावी: दिवस राहण्याआधी कधी बिअर, वाइन, महुआ, ताडी काही होत असे का? आधीचं सांगायला लाज कमी वाटते, आणि आधीचं उत्तर बरंच पुढचं सांगून जातं. "दारू" हा शब्द टाळून वस्तूंची नावं घ्यावीत, कारण बिअरला दारू न मानणाऱ्या पुष्कळ. पुढे चार लहान प्रश्न, गर्भवतींसाठीच बेतलेले. चढायला किती लागते? दोनपेक्षा जास्त लागत असेल तर दोन गुण. पिण्यावरून कुणी बोललं की चीड येते का, कमी करावी असं कधी वाटलं का, सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागली का, यांना एकेक. बेरीज दोन किंवा जास्त आली तर पुढे नीट बोलायचं. गंमत पाहा, पहिला प्रश्न "किती पिता" असा नाहीच. "मला काहीच होत नाही" असं जी अभिमानानं सांगते तिचीच काळजी जास्त, कारण शरीर सरावलं आहे. या सगळ्याला तीन-चार मिनिटं लागतात. ९ तारखेच्या रांगेत तेवढी मिनिटं सापडत नाहीत, ही सिस्टरची बाजूही खरी आहे. मग हा प्रश्न आणखी आधी विचारावा. फोलिक अॅसिड दिवस राहण्याआधीपासून घ्यायचं, रोज ४०० मायक्रोग्रॅम. ती गोळी लिहून देताना ज्या डॉक्टर "मूल हवंय ना, मग आता पेलाही बंद" एवढं वाक्य जोडतात, त्यांनी अर्धं काम केलेलं असतं. पाचव्या आठवड्यातला चेहरा त्या वाक्यानं वाचतो, रांगेतल्या कार्डानं नाही.

कळायच्या आधी घेतली गेली असेल तर? हा प्रश्न रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधला जातो, आणि जे सापडतं ते वाचून काही जणी गर्भपाताच्या विचारापर्यंत जातात. त्याची गरज नसते. एखाददुसऱ्या प्रसंगावरून मुलाचं भाकीत करता येत नाही, सोनोग्राफीतही मेंदूचं हे सूक्ष्म नुकसान बहुधा दिसत नाही. करायचं ते एवढंच: आज थांबायचं, डॉक्टरांना तारखांसह सांगायचं, आणि ते कार्डावर लिहून घ्यायचं. पाचव्या महिन्यात थांबलं तरी पुढच्या चार महिन्यांचा मेंदू वाचतो. नवऱ्यानं घरी बाटली आणणं त्या नऊ महिन्यांपुरतं थांबवलं तर हे सगळं सोपं होतं. नवऱ्याच्या पिण्यानं मुलाचा चेहरा तसा होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण बायकोच्या हातात पेला बहुधा त्याच्याच हातून येतो. डोहाळेजेवणाला जमलेल्या काकू-मावश्या हिरवा शालू, फुलांचे दागिने सगळं पाहतात. नवऱ्याला मात्र बाटलीबद्दल कुणी विचारत नाही.

रोज पिणाऱ्या बाईला मात्र "आजपासून बंद" म्हणून घरी पाठवू नये. सरावलेलं शरीर अचानक रिकामं राहिलं की सहा तासांत हात कापायला लागतात, घाम, उलट्या, आणि दोन दिवसांच्या आत झटका येऊ शकतो. पुढे भ्रम. झटक्यात आई आणि गर्भ दोघंही धोक्यात. तिला दवाखान्यात ठेवून, थायमिन (ब१ जीवनसत्त्व) देऊन, औषधांच्या आधारानं उतरवावी लागते. इंदूरच्या भिंतींवर "बिना बताए शराब छुड़ाएँ" अशा रंगवलेल्या जाहिराती असतात, त्या पुड्या गर्भवतीच्या चहात कालवणं हा तर गुन्हाच म्हणावा. पुडीत काय आहे हे पुडीवर नसतं, आणि डायसल्फिराम (वर दारू घेतली की त्रास व्हावा म्हणून द्यायचं औषध) असलं तर गर्भावस्थेत ते नको. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी क्रमांक फुकट आहे. दोन्हीकडे हिंदीत बोलता येतं, नाव न सांगताही.

आणि बाळंतपण झाल्यावर "बिअरनं दूध वाढतं" म्हणणारी एखादी तरी भेटतेच. उलट आहे. अल्कोहोलनं पान्हा सुटण्याचा संप्रेरक दबतो आणि दूध कमी येतं.

ज्या मुलांपर्यंत हे सगळं उशिरा पोचतं ती शाळेत ओळखू येतात, ओळखणारं कुणी असेल तर. लहानपणी ओढून दूध न पिणारं, डोकं वयाच्या मानानं लहान, झोप तुटक. मग तिसरी-चौथीत काल म्हणून दाखवलेला सातचा पाढा आज कोरा. मास्तर म्हणतात आळशी, आई म्हणते हट्टी. गप्पा छान मारतं, त्यामुळे समजतं सगळं असं वाटतं. पण तीन कामं एका दमात सांगितली तर पहिलंच करतं. पैसे आणि वेळ हातात राहत नाहीत, शिक्षेवरून पुढचं शिकत नाही, आणि जो गोड बोलेल त्याच्यामागे जातं. पुष्कळदा त्याला अतिचंचल ठरवून गोळ्या सुरू होतात आणि त्या हव्या तशा लागू पडत नाहीत. अशा मुलाला एका वेळी एकच सूचना, रोज त्याच शब्दांत. भिंतीवर सकाळच्या कामांची चित्रं, एकाखाली एक. दिवसाचा क्रम बदलायचा असेल तर आदल्या रात्री सांगणं. मोठा आवाज, ट्यूबलाइटची फडफड, टोचणारी कॉलर यांनी ते बिथरत असेल तर आधी ते दूर करणं. सहाव्या वर्षाच्या आत निदान झालेली आणि शांत, स्थिर घर मिळालेली मुलं पुढे कितीतरी कमी भरकटतात, हे सिअॅटलच्या दीर्घ अभ्यासात दिसलं आहे.

निदानाची अडचण अशी, की चेहऱ्याच्या तिन्ही खुणा नसतील तर आईनं गर्भावस्थेत दारू घेतल्याची खात्रीची नोंद लागते. ती नसली की मूल कुठल्याच खान्यात बसत नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांतही हा दोष वेगळा धरलेला नाही, प्रमाणपत्र बौद्धिक दिव्यांगत्व किंवा अध्ययन अक्षमता याखाली काढावं लागतं. जिल्हा स्तरावरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचार हे एकाच छपराखाली आणि विनाखर्च मिळतात. तिथे जाताना गर्भावस्थेचं कार्ड, दवाखान्यातून सुटल्याचा कागद, जन्माचं वजन, डोक्याच्या घेराच्या जुन्या नोंदी, शाळेची एखादी वही सोबत न्यावी. मूल दत्तक असेल तर संस्थेकडून जन्मदात्रीची जेवढी मिळेल तेवढी माहिती आधीच लेखी मागून घ्यावी. आणि आईला डॉक्टरांशी पाच मिनिटं एकटीनं बोलायचं आहे, असं खिडकीवरच सांगून ठेवावं. कारण विचारलं तर कारण न सांगता.